गंगापूर बॅकवॉटरला फिरायच्या बोटीसाठी आउटबोर्ड कुठलं घ्यावं? जरा सविस्तर सांगतो

प्रश्न असा आहे. नाशिकचेच एक दादा, गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला लागून त्यांची जमीन आहे, तिथं छोटासा फार्मस्टे चालवतात, १६ फुटी फायबरची उघडी बोट घेतलीये, तिच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड, घ्यायचंय, घरचे नाहीतर पाहुणे असे ५-६ जण बसणार. विचारतायत की २५ एचपी घेऊ का ४०, टू स्ट्रोक का फोर स्ट्रोक, नवीन का सेकंडहँड, आणि शेवटी "सगळ्यात भरवशाची कंपनी कुठली तेवढं एकदाचं सांगून टाका".

दादा, आधी थोडक्यात सांगतो. ४० एचपी, फोर स्ट्रोक, ईएफआय (कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटरने पेट्रोल सोडणारं), बोटीच्या मागच्या फळीची उंची मोजून त्या मापाच्या शाफ्टचं (इंजिनचा पाण्यात उतरणारा पाय), आणि कंपनी तीच ज्याचा इम्पेलर (इंजिनला थंड ठेवणारं पाणी ओढणारा छोटा रबरी पंखा), थर्मोस्टॅट आणि फ्युएल फिल्टर तुम्हाला दोन दिवसात हातात मिळतो आणि ज्याला हात लावणारा माणूस नाशिकात नाहीतर निदान मुंबईत आहे. यामाहा, सुझुकी, मर्क्युरी, होंडा, तोहात्सु यातलं कुठलंही घ्या, इंजिन म्हणून सगळी चांगलीच आहेत. मी वर्षानुवर्षं हीच इंजिनं खोलतोय, बंद पडून माझ्याकडे जी येतात त्यातली बहुतेक कंपनीमुळे बंद पडलेली नसतात. चुकीचा एचपी, चुकीचा पंखा (प्रोपेलर), जुनं पेट्रोल आणि वेळेवर न बदललेला रबरी इम्पेलर, घोळ इथंच असतो सगळा. म्हणून कंपनीचं शेवटी बघू, आधी बाकीचं.

एचपीचं गणित घरी वहीवर करता येतं. बोटीचं अंग धरा ३०० किलो, ६ माणसं ७० किलोच्या हिशोबाने ४२०, इंजिन १०० च्या आसपास, पेट्रोल बॅटरी नांगर वल्ही जॅकेटं मिळून ८०. झाले ९०० किलो. बोट पाण्यावर उचलून पळायला हवी असेल तर एका एचपीमागे साधारण २० ते २५ किलोच्या आत वजन पाहिजे. २५ एचपीला येतात ३६ किलो, म्हणजे ६ जण बसवले की बोट उठणारच नाही, नाक वर आणि शेपूट पाण्यात अशी रखडत राहणार. ४० एचपीला साडेबावीस येतात, म्हणजे जमतं. आता तुम्ही म्हणाल आम्हाला कुठं पळायचंय, नुसतं सूर्यास्त बघत फिरायचंय, तर मग २५ पण चालेल, १६ फुटी बोट न उठता ताशी १० किलोमीटरच्या आसपास जाते आणि त्याला २५ सुद्धा खूप झालं. पण खरं सांगू का, असं कोणी चालवत नाही. पाहुणे म्हणतात जरा जोरात घ्या ना, मग २५ चं इंजिन दिवसभर फुल थ्रॉटलवर ओझं ओढत राहतं, आरपीएम चढत नाही, प्लग काळे होतात, आणि दोन सीझनमध्ये इंजिन थकतं आणि मग नाव कंपनीचं खराब.

अजून एक गोष्ट जी मुंबई-गोव्याचा डीलर तुम्हाला सांगणार नाही कारण त्याला ती कधी लागतच नाही. आपण समुद्रसपाटीपासून ६०० मीटर वर आहोत. हवा विरळ, त्यामुळे दर १०० मीटरला साधारण एक टक्का ताकद जाते, म्हणजे ४० चं इंजिन इथं साडेसदतीसच्या आसपासच समजायचं, आणि एप्रिल-मेच्या गरम हवेत अजून थोडं कमी. ईएफआय इंजिन सेन्सरवर हवेचा अंदाज घेऊन पेट्रोल कमी करतं. कार्ब्युरेटरवालं मात्र समुद्रावरच्या मापानेच पेट्रोल देत राहतं, मग मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. म्हणून मी ईएफआय म्हणतो, नुसतं नवीन आहे म्हणून नाही.

आणि ताकद हातात शिल्लक का हवी तेही सांगतो. धरणाचं पाणी शांत दिसतं पण मे महिन्यातल्या दुपारनंतरच्या वळवाच्या वाऱ्याला उघड्या बॅकवॉटरवर अडवायला काही नसतं. २१ मे २०२४ ला उजनीच्या बॅकवॉटरला कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली आणि ६ जण गेले. तिथं इंजिनचा दोष होता असं मी म्हणत नाही. पण असा वारा सुटल्यावर तुमच्याकडे लाटांना नाक दाखवून जवळच्या काठाला लागण्याइतकी ताकद पाहिजे, आणि तेव्हा इंजिन पहिल्या फटक्यात चालू झालं पाहिजे, भरवसा म्हणतात तो हा. फक्त एक, बोट बनवणाऱ्याने जास्तीत जास्त किती एचपी चालेल ते लिहून दिलेलं असतं, त्याच्या वर जायचं नाही, ३० लिहिलं असेल तर ३० च लावा आणि माणसं ४ च बसवा.

टू स्ट्रोक-फोर स्ट्रोक. कोकणात मच्छीमार बांधव अजूनही टू स्ट्रोक चालवतात आणि त्यांचं बरोबर आहे, ४० एचपीचं टू स्ट्रोक ७० किलोच्या घरात, फोर स्ट्रोक १०० च्या घरात, साधं मशीन, पाना आणि पक्कड घेऊन वाळूवर बसून दुरुस्त होतं. पण तुमचं पाणी वेगळं आहे. गंगापूर धरणाचं पाणी म्हणजे नाशिकच्या घराघरात नळाला येणारं पाणी. जुन्या पद्धतीच्या कार्ब्युरेटर टू स्ट्रोकमधून पाव हिश्शाच्या आसपास पेट्रोल न जळताच ऑइलसकट बाहेर पडतं आणि आउटबोर्डचा एक्झॉस्ट पंख्यातून थेट पाण्यातच सुटतो. सकाळी शांत पाण्यावर इंजिनमागे तो इंद्रधनुषी तवंग तुम्ही बघितला असेल. आपल्याच पिण्याच्या पाण्यात हे सोडायचं मला पटत नाही आणि कोणी विचारलं तर मी स्पष्ट नको म्हणतो. वर पेट्रोल जास्त, धूर जास्त, आवाज इतका की पाहुण्यांना बोलता येत नाही. तरी कोणाकडे आधीच टू स्ट्रोक असेल तर किमान बाईकचं टू-टी ऑइल टाकू नका, टीसी-डब्ल्यू ३ लिहिलेलं मरीन ऑइल घ्या. बाईकचं इंजिन हवेवर थंड होतं, हे पाण्यावर, दोघांचं ऑइल वेगळं बनवलेलं असतं.

आता पेट्रोल. यावर मी जास्त बोलणार कारण सध्या माझ्याकडे येणाऱ्या कामात सगळ्यात जास्त काम याचंच आहे.

पंपावर आता ई२० मिळतं म्हणजे २० टक्के इथेनॉल. बहुतेक आउटबोर्डच्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. म्हणून डीलरला पहिला प्रश्न हाच, की हे मॉडेल ई२० ला चालतं का आणि वॉरंटीत ते लिहून देणार का. तोंडी "हो हो सगळे वापरतात" चालणार नाही. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. गाडीची टाकी आठवड्यात रिकामी होते म्हणून तिथं जाणवत नाही, बोटीची टाकी महिनोन्महिने अर्धी भरलेली पडून असते, व्हेंट (टाकीचं हवेचं भोक) उघडा, शेजारी पाणी, रात्री गारवा. ओल ठरावीक प्रमाणाबाहेर गेली की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाला बसतं, आणि टाकीची ओढणारी नळी कुठं असते, तळालाच. म्हणजे सीझनच्या पहिल्या दिवशी इंजिन पहिला घोट पाण्याचाच घेतं.

तपासायचं कसं ते साधं आहे. टाकीच्या तळातून पारदर्शक काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढा, रात्रभर हलवू नका, सकाळी उजेडात धरा. खाली वेगळा थर आणि मध्ये सरळ रेघ दिसली की ते पेट्रोल टाकून द्यायचं, गाळून वापरायचं नाही, कारण वरचं पेट्रोल दिसायला स्वच्छ असलं तरी त्याचा ऑक्टेन उतरलेला असतो. आणि जुन्या इंजिनात काळा रबरी पाइप आतून फुगून त्याचे कण सुटतात, पेट्रोलच्या पाइपातला तो दाबायचा फुगा आतून चिकट होतो, कण जाऊन बसतात कार्ब्युरेटरच्या नाहीतर इंजेक्टरच्या भोकात. कार्ब्युरेटरची वाटी उघडली की तळाला हिरवट जेलीसारखा थर आणि जेटच्या सुईएवढ्या भोकात तोच अडकलेला, असं पावसाळा संपला की दरवेळी बघायला मिळतं.

म्हणून इंजिन घेताना त्याच बिलात टाकी आणि इंजिनच्या मध्ये लावायचा १० मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर घ्या, खालची वाटी पारदर्शक असलेला मिळाला तर उत्तमच. पेट्रोल लागेल तेवढंच आणा. ४० चं फोर स्ट्रोक फुल थ्रॉटलला तासाला १५ लिटरच्या आसपास पितं, आरामात चालवलं तर त्याच्या निम्म्याहून कमी, म्हणजे २५ लिटरची टाकी शनिवार-रविवारला पुरते. जायला एक हिस्सा, यायला एक हिस्सा, एक हिस्सा शिल्लक, असा हिशोब ठेवायचा. आणि जूनमध्ये बोट वर काढली की टाकी रिकामी, पाइप काढून इंजिन चालू ठेवून आतलं पेट्रोल संपवायचं (हे कार्ब्युरेटरवाल्याला, ईएफआयला मॅन्युअलमध्ये दिलंय तसं स्टॅबिलायझर टाकून चालवून ठेवायचं). चार महिने ई२० आत ठेवून दिवाळीला इंजिन चालू होत नाही म्हणून कंपनीला बोल लावायचा, हे बरोबर नाही ना.

शाफ्टचं माप. बोटीच्या मागच्या फळीची उंची मधोमध, वरच्या कडेपासून तळापर्यंत मोजा. १५ इंचाच्या आसपास आली तर शॉर्ट शाफ्ट, २० आली तर लाँग. इंजिन बसल्यावर पंख्याच्या वरची ती आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर खाली यायला पाहिजे. उंच फळीला शॉर्ट लावलं तर वळणावर पंखा हवा ओढतो, इंजिन उगाच किंचाळतं आणि पाण्याचा पंपही हवाच ओढतो. बुटक्या फळीला लाँग लावलं तर पाणी उडतं, वेग मरतो आणि उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर पहिला दगड तोच शोधतो.

पंख्याबद्दल. डीलर जो पंखा इंजिनसोबत देतो तो सर्वसाधारण असतो, तुमच्या बोटीचा नसतो. ४० च्या इंजिनला फुल थ्रॉटलला बहुतेक ५००० ते ६००० आरपीएम लागतो (मॅन्युअलमधला आकडाच खरा धरा). ट्रायलला नेहमीची माणसं बसवून, टाकी भरून, सरळ पाण्यात फुल थ्रॉटल द्या आणि मीटर बघा. ४७०० लाच अडकलं तर पंखा जड आहे, पिच (पंख्याच्या एका फेऱ्यात बोट किती इंच पुढे जावी ते माप) कमी करा, एक इंच पिच उतरवला की साधारण १५०-२०० आरपीएम चढतो. आपल्या उंचीमुळे नाशिकला बहुतेक वेळा एखाद इंच खालीच यावं लागतं. आणि स्टीलच्या पंख्याचा मोह नको. एप्रिलनंतर गंगापूरचं पाणी उतरलं की जुने बांध, खडक, झाडांची खोडं वर येतात किंवा त्याहून वाईट म्हणजे वीतभर पाण्याखाली राहतात. अल्युमिनियमचा पंखा आपटला तर पातं वाकतं आणि गिअर वाचतो, स्टीलचा पंखा वाकत नाही, धक्का आत शाफ्टला आणि गिअरला जातो. अल्युमिनियमचाच घ्या आणि दुसरा एक बोटीत ठेवा, सोबत नट, पिन आणि पाना.

आता सेकंडहँड. पैसे वाचतात हे खरं, नवीन ४० चं फोर स्ट्रोक महागच आहे, इम्पोर्टेड माल. पण नाशिकला येणारी बहुतेक जुनी इंजिनं किनाऱ्यावरून येतात, वॉटरस्पोर्ट्समध्ये घासलेली. मागे एका ओळखीच्या माणसासोबत असंच एक बघायला गेलो होतो, बाहेरून नवाकोरा रंग, स्टिकर नवीन, विकणारा म्हणाला दोनच सीझन चाललंय. वरचं कव्हर काढलं तर थर्मोस्टॅटच्या झाकणाच्या कडेने मिठाचे पांढरे खडे, दोन बोल्टची डोकी झिजून गोल झालेली म्हणजे कोणीतरी आधी जोर लावून सोडलाय, आणि ब्लॉकवर रंगाखाली फुगे. बाहेरून रंग मारता येतो, पण कव्हरच्या आतलं सहसा कोणी झाकत बसत नाही. आम्ही तिथून तसेच परत आलो.

बघायला जाल तेव्हा आधी फोनवर सांगून ठेवा की मी येईपर्यंत चालू करू नका, आणि गेल्या गेल्या कव्हर काढून ब्लॉकला हात लावा. गरम लागला तर समजून जा, थंड असताना ते चालू होत नसणार. मग प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा, आकडा किती त्यापेक्षा सगळे एकमेकांच्या जवळ आहेत का ते महत्त्वाचं, १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर सोडा. खालच्या गिअरबॉक्सचा तळाचा स्क्रू हळूच सैल करा, आधी काय बाहेर येतं ते बघा. स्वच्छ ऑइल आलं तर बरं, दुधाळ चहासारखं आलं तर सील गेलेत आणि पाणी आत गेलंय. स्क्रूच्या चुंबकावर बारीक काळा लगदा असतोच, पण चकचकीत कण किंवा तुकडे दिसले की गिअर खातोय. पंखा काढून शाफ्टवर तंगूस गुंडाळलाय का बघा, हाच तंगूस सील कापतो. इंजिन दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवा, ब्रॅकेट खडखडलं तर बुश गेलेत. ईएफआय असेल तर डीलरकडून कॉम्प्युटर लावून खरे तास आणि जुने अलार्म काढून घ्या, ओव्हरहीटचा अलार्म दिसला तर कितीही स्वस्त असलं तरी नको. नंबर प्लेट खरवडलेली नको, बिल पाहिजे. आणि समुद्रावरून आलेलं घेतलंच तर अ‍ॅनोड (इंजिन गंजू नये म्हणून आधी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा) बदला, समुद्राला झिंक असतो, गोड्या पाण्यात झिंकवर थर बसून तो काम करायचं थांबतो, इथं मॅग्नेशियम लागतो, निदान अल्युमिनियम.

इम्पेलरबद्दल दोन शब्द, कारण धरणात तेच जास्त छळतं. इंजिनला थंड ठेवणारं पाणी खालचा एक रबरी पंखा ओढतो. उथळ पाण्यात गाळ ओढला की त्याची पाती झिजतात, पाणवेली किंवा प्लास्टिकची पिशवी जाळीवर बसली की पाणीच येत नाही. म्हणून चालू केल्यावर मागून पाण्याची धार येते का ते दरवेळी बघायचं, चालवणाऱ्या पोराला ती सवयच लावा. धार बारीक झाली की इंजिन बंद, वर उचला, जाळी साफ करा. जमिनीवर पाण्याशिवाय "नुसतं बघतो चालू होतंय का" म्हणून चालू करू नका, काही सेकंदात रबर जळतं. इम्पेलर वर्षाला एकदा बदलून टाका, वस्तू छोटी आहे, ब्लॉक मोठा आहे. गिअर ऑइल आणि इंजिन ऑइल १०० तासाला किंवा वर्षाला, पहिली सर्व्हिस मात्र २० तासांच्या आसपासच, ती टाळू नका.

आता कंपनी. एव्हिनरूड हे आउटबोर्डमधलं सगळ्यात जुन्यातलं नाव, १९०९ पासूनचं, आणि २०२० मध्ये मालक कंपनीने ती इंजिनं बनवणंच बंद केलं. चांगली इंजिनं होती, पण आज सेकंडहँड मिळालं तरी मी नाशिकात घ्यायला सांगणार नाही. नाव मोठं असून उपयोग नाही, शुक्रवारी पार्ट गेला तर शनिवारी पाहुण्यांना काय सांगणार? म्हणून असं करा, दोन-तीन डीलरना फोन लावा, इंजिनची किंमत विचारूच नका, त्या मॉडेलचा इम्पेलर किट, थर्मोस्टॅट, फ्युएल फिल्टर आणि पंखा आज शेल्फवर आहे का आणि कुरिअरने नाशिकला कधी पोचेल एवढं विचारा. जो पार्ट नंबर काढून लगेच सांगतो त्याच्याकडून इंजिन घ्या. जो "मागवून देऊ" म्हणतो तो इंजिन विकल्यावरही मागवूनच देणार. सोबत सर्व्हिसला माणूस साईटवर येणार का, येण्याजाण्याचे किती, हे पण लिहून घ्या.

बॅटरीचं राहिलं. ४० चं ईएफआय बॅटरीवर अवलंबून असतं, बॅटरी पार उतरली तर दोरी ओढूनही बहुतेक चालू होत नाही. त्यामुळे पाहुण्यांचा स्पीकर, लाईट, मोबाईल चार्जिंग त्याच बॅटरीवर लावू नका, वेगळी छोटी बॅटरी ठेवा. बोट छोटी असती, १२ फुटी, तर १५-२० एचपीत बॅटरी न लागणारी ईएफआय मिळतात, सुझुकी, तोहात्सु, मर्क्युरी तिघांची, ४५ किलोच्या आसपास वजन, दोरीवर चालू, एकट्यादुकट्याला सुंदर प्रकार आहे. तुमच्या ६ माणसांना पुरणार नाही.

कागदपत्रांचं लांबवत नाही पण टाळूही नका. इंजिनवर चालणाऱ्या बोटीला इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट २०२१ लागतो, नोंदणी, तपासणी, विमा, आणि पाहुणे बसवताय म्हणजे तो धंदा झाला. धरणाच्या पाण्यात बोट टाकायला जलसंपदा विभागाची परवानगी वेगळी. इंजिनचे पैसे द्यायच्या आधी ही परवानगी हातात असू द्या, नाहीतर इंजिन शेडमध्ये उभं राहील.

आणि ती लाल दोरी, किल स्विचची, चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवूनच इंजिन चालू करायचं, रोज, प्रत्येक फेरीला. चालवणारा पाण्यात पडला तर इंजिन जागेवर बंद होतं, नाहीतर रिकामी बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. सेकंडहँड घेताना इंजिन चालू असताना ही दोरी ओढून बघा, बंद झालं नाही तर स्विच बायपास केलेला आहे, तो नवीन टाकून घेतल्याशिवाय बोट पाण्यात घालू नका.

मागच्या फळीचं माप आणि बोटीवरची एचपीची प्लेट यांचा फोटो टाका, पंख्याचा पिच किती घ्यायचा ते त्यावरून सांगतो.